गाळलेल्या जागा

शाळेत मला मनापासून आवडणारा प्रश्न एकच, 'गाळलेल्या जागा भरा'. निबंधाला विचार लागतात, गणिताला गणित यावं लागतं, गाळलेल्या जागेला फक्त धैर्य लागतं. जागा मोकळी सोडली तर शून्य ठरलेलं. काहीतरी ठोकून दिलं तर निदान तपासणाऱ्याची डुलकी आपल्या बाजूने. या एका तत्त्वावर मी दहावी झालो, पोस्टात चिकटलो आणि सन्मानाने निवृत्तही झालो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. 'काका, सव्वीस जानेवारीला प्रश्नमंजूषा ठेवतोय. प्रश्न तुम्ही काढा. तुमचं वाचन दांडगं.'

माझं वाचन दांडगं आहे ही समजूत सोसायटीत कशी पसरली ते मला ठाऊक आहे. दुपारी मी गॅलरीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपतो. खालून ते वाचन दिसतं. समज-गैरसमजांवर लिहायला बसलो आहे तर पहिला गैरसमज घरचाच सांगावा, म्हणून हे कबूल केलं.

विषय होता 'नाताळ ते प्रजासत्ताक दिन'. असा विषय वसईतच सुचू शकतो. आमच्या इमारतीत डिसेंबरात अर्ध्या गॅलऱ्यांत चांदणी लागते, चैत्रात उरलेल्या अर्ध्यांत गुढी, आणि फराळाला दोन्ही वेळा सगळे हजर असतात. नाताळचा कार्यक्रम वेगळा करायचा होता, पण डिसेंबरातली वर्गणी गोठ्यातच संपली. नाताळचा गोठा म्हणजे आमच्याकडे हौसेची परिसीमा. थर्माकोलवर बंदी आल्यापासून पोरं नाक्यावरच्या फळवाल्याकडून खोकी आणतात, कापतात, रंगवतात. यंदाचा गोठा इतका झकास झाला की त्यात आमच्या हॉलपेक्षा हवा खेळती होती. खजिनदारांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं, 'सहा तारखेला तीन राजांचा सण झाला की गोठा मोडायचा, पण खोकी टाकायची नाहीत. सव्वीस जानेवारीची सजावट त्यातूनच निघाली पाहिजे.' आमच्या खजिनदारांचा पुनर्जन्मावर विश्वास आहे, निदान खोक्यांच्या.

अर्ध्या तासात मी दहा प्रश्न काढले आणि त्यांची उत्तरंही लिहिली. उत्तरं शोधावी लागली नाहीत, ती लहानपणापासून येतच होती. 'एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना दाखवून घ्या,' असं सेक्रेटरी म्हणाले होते, म्हणून वर गेलो.

बाईंनी तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. घरात सामवेदी बोली बोलतात, बाहेर असं शुद्ध मराठी बोलतात की समोरच्याने आपोआप पाठ ताठ करावी. बाई निवृत्त झाल्या, त्यांचं लाल पेन मात्र झालं नाही. त्यांनी माझा कागद घेतला, चष्मा चढवला आणि कपाटातून जाडजूड पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढून माझ्यापुढे ठेवलं.

'पहिला प्रश्न. आदाम आणि हव्वा यांनी कोणते फळ खाल्ले? उत्तर, सफरचंद. बरं. दाखवा.'

'काय?'

'सफरचंद. दाखवा कुठे आहे ते. उत्पत्तीचा तिसरा अध्याय.'

मी चष्म्याची काच पुसून वाचू लागलो. बाग सापडली, सर्प सापडला, झाड सापडलं. बागेच्या मध्यभागी असलेल्या झाडाचं फळ, एवढंच होतं. नाव नाही, रंग नाही, डझनाचा भाव नाही. दोनदा वाचलं, पानाच्या मागे बघितलं. सफरचंद कुठेही नव्हतं.

'पण बाई, प्रत्येक चित्रात सफरचंद असतं!'

'चित्रात असतं. चित्रकाराला काहीतरी काढावंच लागतं. नुसतं फळ कसं काढणार?'

हा मुद्दा बिनतोड होता. बाईंनी पुढे सांगितलं ते असं की लॅटिन भाषेत 'मालुम' म्हणजे वाईट, आणि तोच शब्द जरा लांबवून म्हटला की सफरचंद. पश्चिमेकडे शेकडो वर्षं शास्त्र वाचलं जायचं ते लॅटिनमध्ये. वाईटाचं झाड आणि सफरचंदाचं झाड यांची अशी गाठ पडली, चित्रकारांनी ती पक्की केली, आणि हिब्रूतलं बिननावाचं फळ कायमचं लाल झालं. लॅटिनमधलं 'मालुम' मला मालूम नव्हतं, हे मी प्रांजळपणे सांगितलं. बाई हसल्या नाहीत. मराठीच्या बाई श्लेषाला हसत नाहीत, गुण देतात किंवा देत नाहीत.

'इतरांनीही आपापल्या परीने फळं सुचवली आहेत,' त्या म्हणाल्या. 'कोणी अंजीर म्हणतं, कारण पुढच्याच ओळींत दोघं अंजिराची पानं शिवून नेसतात. कोणी द्राक्ष म्हणतं, कोणी डाळिंब. आणि काही जण केळं म्हणायचे.'

'केळं?'

'हो. ते स्वर्गातलं फळ असावं अशी जुन्या लोकांची समजूत होती. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली केळीला नाव दिलं तेच मुळी मूसा पॅराडिसियाका. पॅराडिसियाका म्हणजे नंदनवनातली.'

वसईच्या माणसाला हे ऐकून काय वाटेल याची कल्पना बाहेरच्यांना यायची नाही. जिथे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, सुकेळी करून, पानात बांधून वर्षभर पुरवून खातात, तिथे हेच ते निषिद्ध फळ असेल तर आमच्या गावाची कैफियत फारच गंभीर होते. हव्वेने एक घास घेतला तर बागेतून बाहेर काढलं. आम्ही तर साठवण केली.

'मग उत्तर काय लिहू?' मी विचारलं.

'दिलेले नाही,' बाई म्हणाल्या आणि लाल पेनाने सफरचंदावर काट मारली.

दुसऱ्या प्रश्नाला मी निर्धास्त होतो. बाळ येशूच्या दर्शनाला किती राजे आले? तीन. आमच्याच गोठ्यात तीन उभे होते, एकाचा मुकुट तर मी स्वतः चिकटवला होता.

'दाखवा.'

मत्तयाचा दुसरा अध्याय. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, इतकंच. राजे नव्हेत, आकाशातले तारे पाहून भाकितं करणारे मागी लोक, म्हणजे आपल्या भाषेत ज्योतिषी. आणि किती आले ते मत्तयाने सांगितलेलंच नाही. भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. भेटी तीन म्हणजे आणणारे तीन, हा हिशोब लोकांचा. मला तो हिशोब पटेना. आमच्या पुतण्याच्या लग्नात अकरा जणांनी मिळून एक मिक्सर दिला होता, आणि एका मावशीने एकटीने सहा वस्तू. आहेरावरून माणसं मोजायची ठरवली तर जेवणावळीचं काय होईल!

जुन्या काळी लोकांनाही नक्की आकडा ठाऊक नव्हता. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या प्राचीन चित्रांत कुठे दोन ज्ञानी आहेत तर कुठे चार. पुढे तीनवर तडजोड झाली, मग त्यांना मुकुट मिळाले, मग कास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार अशी नावं मिळाली. गोव्यात तर रेइश मागुश नावाचं गाव आहे, किल्ला आहे, चर्च आहे. सहा जानेवारीच्या सणाला तीन मुलं राजे बनून मिरवतात. तिथे जाऊन आकडा लिहिलेला नाही असं सांगायचं म्हणजे चौथ्या मुलाच्या आईला आयतं भांडण काढून देणं.

'आणि गोठ्यात आले का ते?' बाईंनी विचारलं.

'म्हणजे काय! गोठ्यातच तर उभे आहेत.'

'मत्तय म्हणतो, घरात आले. गव्हाणी आहे लूकच्या पुस्तकात. मेंढपाळही तिथेच. तारा आणि ज्ञानी लोक मत्तयाच्या पुस्तकात. दोघांनी दोन हकिगती लिहिल्या, आपण त्या एकाच खोक्यात बसवल्या.'

'बैल आणि गाढव?'

'जन्माच्या हकिगतीत बैलही नाही आणि गाढवही नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं करून नाताळ साजरा केला. तिथपासून ही हौस फोफावली.'

आता मात्र मला घाम फुटला, कारण तिसरा प्रश्न माझ्या घरापर्यंत येत होता. धर्मशाळेच्या मालकाने योसेफ आणि मरीया यांना काय सांगितले? उत्तर, 'जागा नाही.'

हे उत्तर मला विसरणं शक्य नव्हतं. आमचे चिरंजीव चौथीत असताना शाळेच्या नाटकात धर्मशाळेचे मालक झाले होते. त्यांच्या रंगभूमीवरील कारकिर्दीतली ती एकमेव भूमिका, आणि त्या भूमिकेला एकच वाक्य. आठ दिवस घरात आम्ही 'जागा नाही, जागा नाही' घोकत होतो. दूधवालासुद्धा दारात दबकत यायचा. प्रत्यक्ष प्रयोगात योसेफने दार ठोठावलं, चिरंजीव बाहेर आले, समोर दोनशे माणसं बघितली आणि म्हणाले, 'या, बसा.' दिव्याखाली मरीया आणि योसेफ एकमेकांकडे बघत राहिले. पडदा पाडावा लागला. आम्हाला पुढे दोन वर्षं शाळेत तोंड दाखवायला जागा नव्हती.

'लूकचा दुसरा अध्याय, सातवं वचन,' बाई म्हणाल्या. 'त्यांना उतारशाळेत जागा नव्हती एवढंच आहे. मालक नाही.'

'मालक नाही?'

'मालकाचा उल्लेखच नाही. कोणी दार उघडलं नाही, कोणी काही बोललं नाही.'

म्हणजे पुस्तकात नसलेल्या माणसाचं पुस्तकात नसलेलं वाक्य विसरला म्हणून आम्ही त्या पोराला आठवडाभर टाकून बोललो होतो! मी तिथूनच चिरंजीवांना फोन लावला. ते आता अडतीस वर्षांचे आहेत. 'तुझी चूक नव्हती,' मी म्हणालो. 'बाबा, बीपीची गोळी घेतली का?' असं त्यांनी विचारलं.

चौथ्या प्रश्नाला बाईंनी फार वेळ दिला नाही. योनाला कोणी गिळले? मी लिहिलं होतं, देवमाशाने. पुस्तकात आहे 'मोठा मासा'. ही चूक माझी नसून मराठी भाषेची आहे, असा युक्तिवाद मी केला. व्हेलला देवमासा आपणच म्हणतो, मग देवाने पाठवलेल्या माशाला दुसरं काय म्हणायचं? शिवाय बाजारात नुसतं 'मोठा मासा' म्हणून चालत नाही. कोळीण विचारते, 'कंचा?' बाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं, पण काट मारलीच. देवमासा हा मासाच नव्हे, म्हणून अर्धा गुणही गेला.

पाचवा प्रश्न अवतरणाचा होता. बायबलमधील वचन पूर्ण करा. 'जो स्वतःला मदत करतो त्याला (गाळलेली जागा) मदत करतो.'

बाईंनी पेन खाली ठेवलं. 'हे शास्त्रात नाही. शास्त्रात जवळजवळ उलटं आहे. ज्याला स्वतःला मदत करता येत नाही, त्याच्याकडे देव आधी बघतो.'

'मग हे कोणाचं?'

हे शोधायला आम्ही न्यू जर्सीच्या पुतण्याला व्हिडिओ कॉल केला, कारण त्याच्या फ्रिजवर हेच वाक्य लोहचुंबकाने चिकटवलेलं मी पाहिलं होतं. ते चुंबक त्याने फिलाडेल्फियाला घेतलं होतं. बेंजामिन फ्रँकलिन तिथे छापखाना चालवायचा आणि दरवर्षी पंचांग काढायचा. त्या पंचांगात १७३६ साली हे वाक्य छापलं. कल्पना त्याहूनही जुनी, इसापाच्या गोष्टींच्या तात्पर्यातली. थोडक्यात, आपलं 'प्रयत्नांती परमेश्वर'. मात्र ते इतकं ठाशीव वाटतं की लोकांनी परस्पर बायबलात घालून टाकलं. उद्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरचं वाक्य ज्ञानेश्वरीत गेलं तर नवल वाटायला नको.

'काका, याच फ्रँकलिनने टर्की हा राष्ट्रीय पक्षी करा म्हणून सुचवलं होतं,' पुतण्या उत्साहाने म्हणाला.

'नाही सुचवलं, बाबा,' मागून त्याच्या सहावीतल्या मुलीचा आवाज आला. तिच्या शाळेत हे नुकतंच झालं होतं. फ्रँकलिनने मुलीला लिहिलेल्या एका पत्रात गरुडाच्या चारित्र्यावर चार शब्द सुनावले होते आणि त्यापेक्षा टर्की बरी असं म्हटलं होतं. संसदेपुढे प्रस्ताव वगैरे काही नाही. राजमुद्रेसाठी त्याने १७७६ साली खरोखर सुचवलं होतं ते चित्र बायबलातलं होतं. समुद्र दुभंगणारा मोशे आणि त्यात बुडणारा फारो. ते कोणी मान्य केलं नाही. १७८२ साली मुद्रेवर गरुड बसला, आणि तो राष्ट्रीय पक्षी आहे असं सगळे अमेरिकन धरून चालले. कायद्याने त्याला तसं जाहीर करायचं राहूनच गेलं होतं. ते २०२४ च्या डिसेंबरात केलं!

फ्रँकलिनच्या त्या पत्राची तारीख मुलीने वाचून दाखवली, २६ जानेवारी १७८४. मी ती कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतली. 'नाताळ ते प्रजासत्ताक दिन' या विषयाला एवढा भक्कम आधार मिळेल असं सेक्रेटरींनाही वाटलं नसेल.

'बघा बाई,' मी म्हणालो, 'परक्या पुस्तकात मी चुकणारच. पण पुढचे पाच प्रश्न आपल्या देशाचे आहेत. तिथे मी पक्का.'

'वाचा.'

'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? हॉकी.'

बाई काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. मला गरुड आठवला.

'जाहीर नाही केलेला?'

'नाही. २०१२ साली एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारलं. क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. पुढे आपल्या धुळ्याकडच्या एका शिक्षकांनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं.' बाई जरा थांबल्या. 'आणि मी बत्तीस वर्षं मुलांकडून हॉकीच लिहून घेतलं. पूर्ण गुण दिले.'

लाल पेन हातात असलेल्या माणसाने असं कबूल करणं ही साधी गोष्ट नाही. मी विषय बदलला.

'राजमुद्रेवर किती सिंह? तीन.' हे म्हणताना माझाच आवाज कापला. आत्ताच तीन राजांचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

बाईंनी एक रुपयाचं नाणं टेबलावर ठेवलं. मी पोस्टातलं भिंग काढलं. उभ्या आयुष्यात तिकिटांवरचे शिक्के मी या भिंगातून पाहिले, पण खिशातलं नाणं कधी पाहिलं नव्हतं. सिंह तीन. त्यांच्या पायाशी मधोमध चक्र, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला घोडा. खाली 'सत्यमेव जयते'.

'चौथा पाठीमागे आहे,' बाई म्हणाल्या. 'सारनाथच्या स्तंभशीर्षावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. चारही दिशांना तोंडं. सपाट नाण्यावर चौथा दिसायचा कसा? बैठकीवर हत्ती आणि आणखी एक सिंहही आहे, तेही आपल्याला दिसत नाहीत.'

राजे किती ते माहीत नसताना आपण तीन मोजले, आणि सिंह चार आहेत हे ठाऊक असूनही तीनच मोजले. तीन या आकड्यात काहीतरी आहे खास. 'तीन तिगाडा काम बिगाडा' असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

त्याच ओघात आठवा प्रश्नही गेला. 'सत्यमेव जयते' हे वचन कोणाचे? मी बेधडक लिहिलं होतं, सम्राट अशोकाचे. का? तर ते अशोकाच्या सिंहांखाली लिहिलेलं असतं म्हणून. पोस्टात आम्ही पाकिटावर शिक्का मारायचो, म्हणून पत्र काही आम्ही लिहिलेलं होत नसे. अशोकाचे लेख आहेत प्राकृतात, आणि हे वचन आहे मुंडकोपनिषदातलं संस्कृत. सारनाथच्या शीर्षावर ते नाही. २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रा स्वीकारली तेव्हा दोन वेगळ्या काळांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या. मत्तयाचा तारा आणि लूकची गव्हाणी यांच्यासारख्याच. फरक एवढाच की इथे ज्यांनी एकत्र आणल्या त्यांना कुठली कुठून आली ते ठाऊक होतं.

'जन गण मन'च्या प्रश्नाला माझी मान आधीच खाली होती. या गीताला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून कोणी गौरवले? युनेस्कोने. हा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकला होता. 'आत्ताच जाहीर झाले' असं त्यात होतं. २००८ साली हाच निरोप ईमेलवर फिरत होता आणि युनेस्कोने तेव्हाच असं काही केलेलं नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणजे २००८ पासून ते 'आत्ताच' जाहीर होत आहे.

'याच्या बरोबर उलटही लोक सांगतात,' बाई म्हणाल्या. 'हे गीत पंचम जॉर्जसाठी लिहिलं म्हणतात. १९११ चा नाताळ नुकताच झालेला, २७ डिसेंबर, कलकत्त्याची काँग्रेस. त्या दिवशी हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं आणि राजाच्या स्वागतासाठी वेगळं हिंदी गीतही झालं. वार्ताहरांनी दोन्हींची खिचडी केली. रवींद्रनाथांनी १९३७ साली पत्र लिहून स्वच्छ नाकारलं, तरी अजून ती शिजतेच आहे.'

एकच गीत. एका निरोपात जगात पहिलं, दुसऱ्या निरोपात राजाची खुशामत. दोन्ही निरोप पुढे पाठवणारा माणूस कित्येकदा एकच असतो. मी माझा फोन उलटा करून ठेवला.

दहावा प्रश्न मी स्वतःच खोडायला निघालो होतो. बाईंनी हात धरला. तिरंग्यातील रंग कोणाचे प्रतीक? भगवा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्वांचा.

'ही चूक अगदीच हवेतली नाही,' त्या म्हणाल्या. 'गांधीजींच्या १९२१ च्या झेंड्यात धर्मांचे रंग होतेच. पण १९३१ साली तिरंगा घेताना काँग्रेसने सांगितलं की रंगांना धर्माचा अर्थ नाही. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने झेंडा स्वीकारला तेव्हा राधाकृष्णन यांनीही त्याग, सत्याचा प्रकाश आणि माती-झाडं असेच अर्थ सांगितले.'

मग त्या नाणं बोटांनी फिरवत बसल्या. 'मी तिसरीत होते. झेंडा रंगवायला दिला होता. शेजारची मैत्रीण म्हणाली, भगवा आमचा, हिरवा यांचा, पांढरा तुमचा. माझ्याकडे पांढरा खडू नव्हता. पांढऱ्या कागदावर पांढरं काय रंगवणार? सगळ्यांच्या पट्ट्या रंगवून झाल्या आणि मी नुसती बसून राहिले. गुरुजी आले, म्हणाले, काय गं, तुझं झालं नाही? मी म्हटलं, माझं झालंय, पण दिसत नाहीये.'

'मग?'

'मग त्यांनी मला निळा खडू दिला आणि म्हणाले, चक्र तू काढ. आरे चोवीस, मोजून. सगळ्यांच्या झेंड्यांवर मीच काढली त्या दिवशी. सत्तावीस झेंडे होते.'

मी काही बोललो नाही. त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. चहा आला, सोबत बशीत सुकेळी होती. नंदनवनातली.

'म्हणजे दहापैकी शून्य,' कागद घडी करत मी म्हणालो. 'पण बाई, गाळलेली जागा मोकळी कशी सोडायची? शाळेत तुम्हीच भरायला लावलीत.'

'भाऊ, जागा कुठे गाळली होती? लिहिणाऱ्याला फळाचं नाव सांगायचंच नव्हतं. ज्ञानी लोक मोजायचेच नव्हते. तिथे रेघ तुम्ही मारलीत आणि मग तीच भरत बसलात.' बाईंनी शास्त्र पुन्हा कपाटात ठेवलं. 'पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. त्या १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ ला निघालं. शब्दाशब्दाला अडत असतील. त्यापेक्षा तुमच्यासारखं गॅलरीत बसून भरून टाकलं असतं तर चार दिवसांत झालं असतं.'

गॅलरीतल्या वाचनाचं गुपित तिसऱ्या मजल्यावरून स्पष्ट दिसत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सव्वीस जानेवारीला प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न तेच ठेवले, जोडीला एक सोपा घातला, आणि उत्तरपत्रिकेत 'दिलेले नाही' हा पर्याय वाढवला. मुलांना तो इतका आवडला की 'भारताची राजधानी कोणती' यालाही दोघांनी तेच उत्तर दिलं. खजिनदारांनी समारोपाच्या भाषणात 'पैसा हे सर्व अनर्थांचे मूळ आहे, असे बायबल सांगते' असं म्हणून वर्गणीचं आवाहन केलं. बाईंनी जागेवरूनच दुरुस्ती केली, 'पैसा नव्हे, पैशाचा लोभ. तीमथ्याला पहिलं पत्र, सहावा अध्याय.' खजिनदारांनी पावतीपुस्तक खिशात घातलं.

व्यासपीठावर पोरांनी गोठ्याच्या खोक्यांतून केलेली राजमुद्रा उभी होती. पुरुषभर उंच, सोनेरी, सुरेख. मी ऐटीत प्रश्न विचारला, 'सिंह किती?' सगळी मुलं ओरडली, 'तीन!' मी विजयी मुद्रेने म्हणालो, 'चूक. चार. चौथा पाठीमागे आहे.'

पहिल्या रांगेतलं दुसरीतलं एक पोर उठलं आणि कोणी अडवायच्या आत मुद्रेच्या मागे गेलं. सभा शांत. आतून आवाज आला, 'काका, मागे सिंह नाहीये!'

'मग काय आहे?'

'सफरचंद!'

हॉलमध्ये हशा उसळला. बाई उठल्या, पदर सावरत व्यासपीठाच्या मागे गेल्या, चष्मा चढवून खोक्यावरची छपाई वाचली आणि लाल पेन धरलेली मूठ दाखवत मला हाक मारली.

'भाऊ, या. इथे मात्र लिहिलेलं आहे.'